नव्या पाटीचा जुना टर्बो

पुण्यातल्या एका पार्ट विक्रेत्याने पाटण तालुक्यातल्या सुभेदार आनंदरावांना वापरलेला टर्बो नवा म्हणून विकला. विकला माझ्या मार्फत, बसला माझ्या गॅरेजमध्ये, आणि माणसांनी भरलेल्या गाडीचं इंजिन भर चढावर बेफाम झालं. विक्रेत्याचं नाव छापता येणार नाही असं संपादकांनी बजावलं आहे. हरकत नाही. हे वाचेल तेव्हा त्याचं त्याला कळेल.

हे सुरुवातीलाच लिहून टाकलं, कारण मला ओळखणारे म्हणणारच की बापू दिवाळी अंकात लिहितोय म्हणजे कुणाशी तरी भांडणार. भांडणार आहे. पण आयुष्यभराचा हिशेब मांडायला बसलो तर भांडणाच्या बाजूला हा एकच माणूस निघतो, आणि आभाराच्या बाजूला एवढे निघतात की अंकाची पानं पुरायची नाहीत. म्हणून दोन्ही एकाच लेखात उरकतो.

माझं गॅरेज कुपवाडला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला. सगळी दुरुस्ती करतो, पण लांबून लोक येतात ते गाडीची ताकद वाढवून घ्यायला. बाहेरच्याला हे काम जादूचं वाटतं, म्हणून सरळ सांगतो. इंजिन म्हणजे हवा आणि इंधन एकत्र जाळायची जागा. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जाळता येतं, आणि तेवढी ताकद वाढते. बाकी सगळी खटपट याच एका गोष्टीसाठी. चांगला एअर फिल्टर हवेला वाट मोकळी करतो. मोठ्या तोंडाचा सायलेन्सर धूर लवकर बाहेर काढतो. टर्बो म्हणजे एक पंखा. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. दाबलेली हवा तापते, तिला गार करायला इंटरकूलर. आणि कधी किती डिझेल सोडायचं हे ठरवणारा गाडीचा एक संगणक असतो. त्यातली गणितं बदलली की त्याला आम्ही रिमॅप म्हणतो.

यातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कशाच्या आधी काय घ्यायचं, हे ठरवणं म्हणजे माझा धंदा. पाना फिरवणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक पार्टापुढे तो किती हॉर्सपॉवर वाढवणार ते लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक त्या सगळ्यांची बेरीज करूनच माझ्या दारात येतं. बेरीज तशी होत नाही. चौघांनी मिळून धक्का द्यायचा आणि त्यातले दोघे नुसतेच हात लावून चालायचे, असं बरेचदा होतं. कुठले दोघे, ते गाडीगणिक बदलतं.

माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा इंजिनची तब्येत. दमलेल्या इंजिनावर टर्बो चढवायचा म्हणजे तापात असलेल्या माणसाला कुस्तीला उभं करायचं. मग ब्रेक, मग टायर, मग क्लच. हे सगळं मनासारखं झालं तर ताकद. यावरून माझी निम्मी भांडणं होतात. "आमी पावर वाढवायला आलोय आन् तुमी ब्रेकं काय विकताय?" असं म्हणून कित्येक जण उठून गेले. जाऊ दिले. परत आले त्यांना चहा पाजला आणि पहिल्यांदा ब्रेकच विकले.

दुसरी माझी सवय खोड सांगायची. ही मी आटपाडीच्या जनावरांच्या बाजारातून आणली. आम्ही मेंढपाळ. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं विकायला बसायचे तेव्हा किमतीचं बोलणं तोंडाने होत नसे. टॉवेलखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा, म्हणजे शेजारच्याला कळायला नको. पण हात टॉवेलखाली जायच्या आधी विकणाऱ्याने जनावराची खोड मोठ्याने सांगायची, हा आबांचा आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्यांचा रिवाज. "हिच्या एका सडाला दूध न्हाई." "ही वाडग्यात ठरत न्हाई, कुंपण मोडती." खोड सांगून हात दिला की सौदा पक्का. त्यावर कागद नाही, सही नाही, आणि माघार नाही.

मी टर्बो, फिल्टर, रिमॅप हे सगळं असंच विकत आलो. आधी खोड. रिमॅप केला की कंपनीची वॉरंटी गेली असं समजा. विमा कंपनीला कळवावं लागेल. आरटीओला काय चालतं आणि काय नाही, ते मी तोंडावर सांगतो आणि न चालणारं बसवत नाही. टर्बो बसवल्यावर तेल वेळेवर बदललं नाहीत तर तो तुम्हाला गाठून मारेल. एवढं ऐकून जे उरतं ते माझं गिऱ्हाईक. माझी बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाईक हाकलायचं दुकान काढलंय.

धंद्यात मला पहिला हात दिला तो इस्माईलभाईंनी. मिरजेचे, लेथवरचे कारागीर. आज आमची दोन शेडं एकाच भिंतीला टेकून आहेत. मी विशीत त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा मला मेंढराची लोकर कातरायची कात्री सोडून दुसरं हत्यार ठाऊक नव्हतं. त्यांनी शिकवलं ते शिव्या देऊन, आणि प्रत्येक शिवीच्या शेवटी हातात गरम पोहे ठेवून. माझा राग त्यांनी जितका सोसला तितका घरच्यांनीही नसेल. मी चिडून पाना फेकला की ते शांतपणे उचलून आणायचे आणि म्हणायचे, "आता या बाजूला फेक रं. तिकडची भिंत लय झाली."

गिऱ्हाइकांचंही माझ्यावर ऋण आहे, विक्षिप्तांचं तर जास्तच. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते. त्यांची एकच मागणी.

"कराडपतोर माझ्या मेव्हण्याच्या मागं ऱ्हायचं न्हाई. बास. त्येला काय लागंल ते बसवा."

मी विचारलं, "मेहुणे वजनाने किती आहेत?"

"का वो?"

"तुमच्यापेक्षा हलके असतील तर आधी तेवढं उतरवा. त्याला पार्ट लागत नाही."

शेट रागाने लाल झाले, मग पोट धरून हसले. शेवटी नवे टायर आणि हलकासा रिमॅप एवढ्यावर भागलं. महिनाभर खूश होते. मग मेहुण्याने जुनी गाडी काढून विजेवर चालणारी घेतली. सिग्नल सुटला की ती गप्पकन पुढे जाते, आवाजसुद्धा करत नाही. शेट पुन्हा आले आणि नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "शेट, याला माझ्याकडे औषध नाही." तेव्हापासून दर दिवाळीला हळद पाठवतात, आणि मेहुण्याशी बोलत नाहीत.

जतकडचे एक डाळिंबवाले आले होते, टर्बोच पाहिजे म्हणून. गाडी चढत नाही, ओढत नाही, जीव गेलाय तिचा. मी फिल्टरची डबी उघडली तर आत उंदराने घर केलेलं. चिंध्या, कडबा, शेंगांची टरफलं, सगळा संसार. फिल्टर बदलला आणि गाडी पूर्वीसारखी पळायला लागली. ते खूश व्हायच्याऐवजी नाराजच झाले. टर्बो घेऊन जाणार म्हणून गावभर सांगून आले होते. मी त्यांना ते घरटं पिशवीत बांधून दिलं आणि म्हटलं, गावात हे दाखवा.

आता सुभेदार.

आनंदराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, पाटणपासून आत. वाडी खाली आणि रस्ता वर, मध्ये एक असा चढ की पहिल्यांदा बघणारा गाडीतून उतरून चालत जाईल. त्यांच्याकडे जुनी डिझेलची सात जणांची गाडी आहे. वाडीत कुणाला दम लागला, कुणाचे दिवस भरले, कुणी पडलं झडलं, तर त्याला कराडच्या दवाखान्यात सुभेदार नेतात. भाडं घेतात ते डिझेलपुरतं. गाडी भरली की त्या चढावर तिचा श्वास संपायचा. एकदा बाळंतिणीसोबतच्या बायकांना उतरून गाडी ढकलावी लागली. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

"बापू, रेस लावायला नको मला. एकच काम. माणसं भरलेली गाडी त्या चढावर दुसऱ्या गिअरमदी, न थांबता, वर आली पायजे. मिशन समजा."

मला गिऱ्हाईक आवडतं ते असं. किती हॉर्सपॉवर हवी ते त्यांना माहीत नव्हतं, कशासाठी हवी ते माहीत होतं. मी तीनदा त्या वाडीला गेलो. गाडी माणसांनी भरून चढावर घातली, कुठे दम तुटतो ते शेजारी बसून ऐकलं. इंजिन चांगलं होतं. सुभेदार तेल बदलायला कधी चुकले नव्हते. ब्रेक नवे घातले. क्लच जुना होता, तो जास्त ताकद झेलणार नव्हता, तोही नवा, भारीतला घातला. इंटरकूलरची नळी एका जागी फाटली होती, तिच्यातूनच बरीच हवा जात होती. आणि मूळ टर्बोचा दांडा खिळखिळा झालेला. तो बदलायचाच होता, तर किंचित मोठा, खालच्या वेगातही हवा देणारा घ्यायचा, आणि रिमॅप अगदी बेताचा करायचा, असं मी ठरवलं.

टर्बो घ्यायला पुण्याला गेलो. हा विक्रेता काही रस्त्यावरचा नव्हता. त्याच्याकडून फिल्टर, इंटरकूलर मी अनेकदा आणले होते आणि माल चोख निघाला होता. काचेचं दुकान, गार हवा, भिंतीवर रेसच्या गाड्या. भाव करायला मला आवडतं, हे मी लपवत नाही. तासभर आमचं चाललं. शेवटी दुकानाचे शेठ हसत म्हणाले, "अहो, तुम्ही तर बाजारात बसल्यासारखं करता."

मी म्हटलं, "बाजारातलाच आहे मी. हात आणा."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. शेठना गंमत वाटली. दुकानातली पोरं मोबाइल काढून बघायला लागली. मी म्हटलं, "शेठ, आमच्यात हात धरायच्या आधी खोड सांगतात. या टर्बोत काही असेल तर आता सांगा. वापरलेला असला तरी चालेल, मी वापरलेल्याच्या हिशेबाने बघेन. दवाखान्याच्या गाडीला बसणार आहे."

"सीलबंद माल आहे हो. खोड कसली? एकदम कोरा."

आणि त्यांनी माझी बोटं दाबली. बिलावर नुसतं 'टर्बो, नग एक' असं आलं. नवा, जुना, हमी, काही नाही. मी मागितलं नाही. टॉवेलखाली हात दिलेल्या माणसाकडे पुन्हा कागद मागणं आमच्यात त्याचा अपमान करणं आहे. आटपाडीच्या बाजारातून उठून आलेला माणूसच असं वागेल. पुण्यातला कुणी वागला नसता. माझ्या लेखी जे सह्यांच्याही वरचं होतं, ते त्यांच्या लेखी गंमत होती, एवढंच झालं.

टर्बो बसला. मी तेलाच्या नळ्यासुद्धा नव्या घातल्या. गाडी देताना सवयीप्रमाणे खोड सांगितली. "सुभेदार, डिझेल गाडीला एक वाईट आजार असतो. टर्बोतून इंजिनचं तेल आत गळायला लागलं तर गाडी डिझेल सोडून तेच तेल जाळते. मग चावी बंद करून उपयोग नाही. चावी डिझेल तोडते, तेल कोण तोडणार? इंजिन आपोआप किंचाळत पळतं. तसं झालं तर ब्रेक गच्च दाबायचा, टॉप गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. गाडी हिसका देऊन गपगार होईल."

"हे नव्या टर्बोचं बी हुतं?"

"नव्याचं होत नाही. सांगायचं म्हणून सांगितलं."

पहिल्या दिवशी गाडी भरून दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढली. वर रस्त्याला लागल्यावर सुभेदारांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि मला सलाम ठोकला. माझ्यासारख्या माणसाचे डोळे त्या वेळी भरून आले, हे वाचून इस्माईलभाई हसतील, हसू देत. चढतानाचा व्हिडिओ सुभेदारांच्या पुतण्याने काढला होता. मी तो कौतुकाने पुण्याच्या शेठला पाठवला. तुमच्या टर्बोने काय केलं बघा म्हणून.

पुढे गेल्या वर्षीचा पावसाळा सरला, शेतं पिवळी व्हायला लागली. एका सकाळी सुभेदारांचा फोन आला.

"बापू, आधी निवांत ऐका, मंग वरडा. मानसं समदी धड हायती. मी बी धड हाय. गाडी गेली."

गाडीत दम्याचे एक म्हातारे होते, त्यांची सून आणि आणखी दोघे. चढ अर्धा झाला आणि इंजिनने एकदम सूर वर काढला. सुभेदारांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. सूर आणखी वर. मागे पांढरा निळा धूर इतका की वाडी दिसेना. चावी बंद केली. इंजिन पळतच राहिलं. सून ओरडायला लागली, एकाने दार उघडून उडी मारायची तयारी केली. एका बाजूला दरी आहे.

"मी म्हनलं, कोनी हलायचं न्हाई. ऑर्डर हाय. ब्रेक दाबला, पाचवा टाकला, क्लच सोडला. गाडी अशी हिसकली बापू, म्हाताऱ्याची टोपी काचंवर. आन् गप. एवढी शांतता मी बॉर्डरवर बी आयकली न्हाई."

दुधाचा टेम्पो खालून येत होता. त्यात घालून म्हाताऱ्यांना पाटणला नेलं. ते आज ठणठणीत आहेत, आणि ती टोपी त्यांनी धुतलेली नाही असं सुभेदार सांगतात.

मी फोन ठेवला आणि मनात हिशेब केला. जुना क्लच असता तर तो घसरत राहिला असता, इंजिन थांबलं नसतं. जुने ब्रेक असते तर गाडी धरली नसती. ज्या दोन गोष्टींवरून मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, त्यांनी त्या दिवशी माणसं वाचवली. आणि त्याहून मोठं, सुभेदारांनी माझं ऐकलेलं लक्षात ठेवलं. ऐकून सोडून देणारे मी रोज बघतो. या माणसाचा मी किती ऋणी आहे, ते मला लिहिता येणार नाही.

गाडी ओढून कुपवाडला आणली. इंजिनची वाट लागली होती. टर्बो काढून इस्माईलभाईंच्या टेबलावर ठेवला. माझी खात्री होती की माझंच काही चुकलं. नळी कुठे दबली असेल, तेल पोचलं नसेल. भाईंनी टर्बो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, "बापू, ही पाटी बघ."

टर्बोच्या अंगावर कंपनीची एक छोटी पाटी असते, दोन रिबिटांनी ठोकलेली. पाटी चकचकीत होती. भाईंनी ती छिन्नीने उचकटली. खाली आणखी दोन जुनी भोकं निघाली, भरून, घासून सपाट केलेली. शेजारी आधीचा नंबर घासून काढल्याचे ओरखडे. आतला दांडा पॉलिश करून चमकवलेला, पण बेअरिंगच्या जागी झिजलेला. कुणीतरी जुना टर्बो धुऊन, पुसून, नवी पाटी ठोकून डब्यात सीलबंद केला होता.

"जुना म्हनून दिला असता तर?" भाईंनी विचारलं.

"तर बेअरिंग, सील सगळं बदलून घातलं असतं. चालला असता वर्षानुवर्षं."

"मग त्याला सांगायला काय झालं हुतं?"

मी पाना फेकला. भाईंनी तो उचलून आणला नाही. त्या दिवशी त्यांनीही एक फेकला.

पुण्याला गेलो, तेव्हा टर्बो आणि पाटी दोन्ही घेऊन गेलो. वाटेत स्वतःला बजावत होतो, ओरडायचं नाही. दुकानात शिरल्यावर ते फार टिकलं नाही. शेठ मात्र शांत.

"आमच्याकडून गेला तेव्हा कोरा होता. फिटिंग तुमचं."

"फिटिंग माझं. पण ही दोन भोकं मी पाडली का?"

"ते आम्हाला काय माहीत? वरून येतो माल."

"वरून म्हणजे कुठून? नाव सांगा."

"ती धंद्यातली माहिती आहे. तुमच्याकडे हमी लिहिलेली आहे का?"

"तुम्ही माझा हात धरला होता."

शेठ हसले. दुकानातली पोरंही हसली. आधीच्या वेळची तीच पोरं. मी काचेच्या टेबलावर हात आपटला, रखवालदार आला, आणि मी बाहेर पडलो. फसवलेला माणूस बाहेर आणि फसवणारा गार हवेत, असं त्या दिवशी होतं.

आता परत आभाराकडे येतो. सुभेदारांच्या इंजिनचं काम मी आणि इस्माईलभाईंनी मिळून केलं. भाईंनी लेथवरची दुसरी कामं थांबवली आणि विचारलं तर म्हणाले, "तुझा टर्बो न्हाई हा, माझ्या भिंतीचा हाय." कुपवाडच्या एका फाउंड्रीवाल्याने, ज्याच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं, एक जिन्नस रातोरात ओतून दिला आणि भांडण मिटलं असं समजू नकोस म्हणून निरोप पाठवला. हळदीच्या शेटनी काम होईपर्यंत आपली दुसरी गाडी वाडीला पाठवून दिली, चालकासकट. ती त्या चढावर रडत चढायची म्हणे, पण चढायची.

मी सुभेदारांना स्पष्ट सांगितलं, मूळच्याच आकाराचा टर्बो घालतो, ताकदीचा नाद सोडा. ते म्हणाले, "आवं बापू, चढ लहान झाला का? जे ठरलं हुतं त्येच बसवायचं. आन् निवडायचं तुमीच. दुसऱ्या कुनाकडं जायाचं असतं तर गाडी हितपतोर कशाला वडून आनली असती?"

एवढं झाल्यावर एवढा विश्वास कुणी ठेवत नाही. त्या एका वाक्यासाठी या धंद्यातली सगळी उन्हं, सगळं ग्रीस, सगळी भांडणं मला मान्य आहेत. नवा टर्बो आम्ही दुसरीकडून घेतला, बसवायच्या आधी उघडून आतून पाहिला आणि मगच चढवला. गाडी आज पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये वर येते. गेल्या महिन्यात तिच्यातून एक बाळंतीण दवाखान्यात गेली. जुळी झाली.

मग आता कशाला लिहितोय? कारण गेल्या आठवड्यात इस्लामपूरचा एक तरुण मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "असला टर्बो मला पण पाहिजे. सातारा, सांगलीत तुम्ही बसवता म्हणे." मोबाइलमध्ये पुण्याच्या शेठची जाहिरात चालली होती. त्यात माणसांनी भरलेली सुभेदारांची गाडी चढ चढत होती. मीच कौतुकाने पाठवलेला तो व्हिडिओ. खाली लिहिलं होतं, सह्याद्रीच्या घाटात सिद्ध झालेला. ज्या टर्बोने ती गाडी दरीच्या कडेला नेली, त्याच्याच जिवावर शेठ पुढचा टर्बो विकतोय.

त्या तरुणाला मी व्हिडिओच्या पुढची गोष्ट सांगितली. तो घरी गेला. पण जे माझ्याकडे येत नाहीत, सरळ पुण्याला जातात, त्यांना कोण सांगणार? त्यांच्या गाडीत कोण बसलेलं असेल, आणि त्यांना पाचवा गिअर टाकायचा हे कुणी सांगितलेलं असेल का?

शेठ, मला भरपाई नको. इंजिन आम्ही उभं केलं. हा अंक मी स्वतः तुमच्या काचेच्या टेबलावर आणून ठेवणार आहे, आणि ओरडणार नाही, शब्द देतो. रखवालदाराला बोलवायची गरज नाही. तो व्हिडिओ आजच्या आज काढा. आणि सुभेदार आनंदराव आणि त्या गाडीतल्या चार माणसांना एका प्रश्नाचं उत्तर द्या: जुन्या टर्बोवर ती नवी पाटी तुम्ही ठोकली, की तुम्हाला माल देणाऱ्याने? त्याने ठोकली असेल तर त्याचं नाव सांगा. तुम्ही ठोकली असेल तर तुमचं.